वावरातल्या दगडातून पहिलं शिल्प कसं घडवायचं

मी वणी तालुक्यातली. आमचं घराणं पाथरवटाचं. बाबा पाटे-वरवंटे, जाती, उखळ घडवायचे आणि माय गावोगाव फिरून झिजलेल्या पाट्यांना टाकी लावून द्यायची. मी आता देवळांचे उंबरठे, तुळशीवृंदावनं अशी कामं घेते आणि त्यातून वेळ काढून स्वतःची शिल्पं करते. गावातली पोरं-पोरी अंगणात येऊन बसतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, कॉलेज न करता हे जमते काय?"

जमतं. आफ्रिकेत झिंबाब्वे नावाचा देश आहे. तिथं शेतमजूर, ट्रॅक्टरचालक, पोलीस शिपाई, शेतकी खात्यातला नोकर अशा माणसांनी दगडाला हात घातला आणि १९७१ मध्ये त्यांच्यातल्या काहींची शिल्पं पॅरिसला, रोदँ या मोठ्या फ्रेंच शिल्पकाराच्या नावाच्या संग्रहालयात मांडली गेली. दगडकामाचा हात मला आईबापाकडून मिळाला, पण आपल्या मनातलं दगडात आणायचं कसं, हे मी या लोकांची आयुष्यं वाचून आणि त्यांची कामं फोटोत तासन्तास पाहून शिकले. म्हणून दगड निवडण्यापासून मेण लावण्यापर्यंत सगळं सांगताना मी त्यांना सोबत घेऊन सांगणार आहे.

सुरुवात जोराम मारिगांपासून करू. जन्म १९२७ चा. शेतकी खात्यात नोकरी, म्हणजे आपल्याकडे कृषी सहायक बांधावर येतो तसं काम. देशाच्या पूर्वेला न्यांगा हा डोंगराळ भाग आहे, तिथं त्यांची नेमणूक होती. १९५० च्या दशकाच्या शेवटी तिथं रस्त्याचं काम चालू असताना मऊ दगड निघाला. मारिगांनी तो कोरून पाहिला आणि पुढे आयुष्यभर कोरत राहिले. त्याच सुमारास, १९५७ मध्ये, राजधानीत राष्ट्रीय कलादालन उघडलं होतं. शहराचं नाव तेव्हा सॅलिसबरी, आता हरारे. तिथले संचालक फ्रँक मॅकइवन यांनी दालनात राखणीला असलेल्या माणसांच्याही हातात रंग आणि अवजारं दिली. थॉमस मुकारोब्ग्वा हे त्यातलेच एक, पुढे मोठे चित्रकार आणि शिल्पकार झाले. मारिगांचं काम मॅकइवन यांच्यापर्यंत पोचलं आणि मऊ दगडाकडून कठीण दगडाकडे त्यांची वाट सुरू झाली. त्यांनी आपल्यासोबत भाच्या-पुतण्यांनाही दगडाला लावलं. जॉन ताकाविरा त्यांतले. मऊ दगडानं हात बसवायचा आणि मग कठीण दगडाकडे जायचं, हा क्रम तुम्हीही पाळा.

दगड निवडणं

झिंबाब्वेच्या मधून उत्तर-दक्षिण सुमारे ५५० किलोमीटर लांबीचा खडकाचा पट्टा जातो. त्याला ग्रेट डाइक म्हणतात. अडीच अब्ज वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून वर आलेल्या तप्त रसाचा तो बनला आहे. त्यात सर्पेंटाइन जातीचे दगड सापडतात, हिरवे, काळे, करडे, पिवळसर. त्यातला स्प्रिंगस्टोन फार कणखर, आतून काळाभोर आणि वरून तांबूस-तपकिरी साल असलेला. ही साल लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आपल्याकडे सर्पेंटाइन नाही, पण वणी, मारेगाव, झरी या भागाला दगडाची वाण नाही. तीन जाती सहज मिळतात. पहिला काळा पाषाण, ज्याचे आम्ही पाटे करतो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा हा दगड पहिल्या कामाला घेऊ नका, टाकी बोथट होते आणि मनही बोथट होतं. दुसरा वाळूचा दगड, पिवळा किंवा तांबूस. तो भराभर कोरला जातो, म्हणून नवख्यांना आवडतो. मी मात्र तो नवख्यांच्या हाती देत नाही, कारण धुळीच्या ठिकाणी सांगते. तिसरा चुनखडीचा, ज्याला राजूरच्या भट्ट्यांत भाजून चुना करतात. पहिल्या शिल्पाला हाच घ्या.

ओळखायचा कसा? कोपऱ्यावर लिंबू पिळा. बारीक फेस आला तर चुनखडी. लोखंडी खिळ्यानं ओरखडा ओढा. खोल पांढरी रेघ उठली तर तो तुमच्या हाताला ऐकेल. काळ्या पाषाणावर खिळ्याचंच लोखंड घासून लागतं.

मग दगड निरोगी आहे का ते तपासा. हातोडीनं हलके ठोका. खणखणीत आवाज आला तर अंगात भेग नाही, बद्द आवाज आला तर सोडून द्या. एवढ्यावर थांबू नका. दगडावर बादलीभर पाणी ओता आणि उन्हात ठेवून बघत बसा. सगळं अंग वाळतं, पण भेगेत पाणी शिरलेलं असतं, तिथं ओली रेघ मागे राहते. त्या रेघेवर गेरूनं खूण करा. भेग कडेला असेल तर तो भाग आधीच काढून टाका. मधून जात असेल तर कितीही देखणा दगड असला तरी तो गोठ्याच्या पायऱ्यांना वापरा.

आकार फार लहान घेऊ नका. तळहाताएवढा गोटा प्रत्येक घावाला सरकतो आणि बोटं सोलतात. एक फूट उंच आणि आठेक इंच रुंद-जाड असा तुकडा बरा. त्याचं वजन तीस किलोच्या आसपास भरतं, तो आपल्या वजनानं जागेवर बसतो. एकट्यानं उचलू नका. दगड स्वतःच्या वावरातला घ्या किंवा खदानवाल्याला विचारून टाकाऊ ढिगातला मागून आणा. नाल्यातून, वनखात्याच्या जागेतून न विचारता आणू नका.

चुनखडीत थर असतात. नीट पाहिलं तर कडेला पुस्तकाच्या पानांच्या कडा दिसाव्यात तशा रेघा दिसतात. हे थर आडवे राहतील असा दगड उभा करा. थर उभे ठेवून काम केलं तर अर्ध्यावर आल्यावर नाक-कान असलेला भागच्या भाग सालपटासारखा सुटतो.

धूळ

यावर मी सगळ्यांत कडक आहे. आमच्या घराण्यात खोकून खोकून गेलेली माणसं आहेत. वाळूच्या दगडाची धूळ म्हणजे गारगोटीची धूळ. ती छातीत बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. म्हणून वाळूचा दगड नवख्यांना नाही. सर्पेंटाइनच्या कुळातच ॲस्बेस्टॉसचा, म्हणजे छातीला घातक अशा तंतूंच्या खनिजाचा, एक प्रकार येतो. झिंबाब्वेत झ्विशावाने इथं त्याची मोठी खाण होती. तेव्हा तिथल्या शिल्पकारांपुढेही धुळीचा प्रश्न आहेच. चुनखडी त्या मानानं सौम्य, तरी तीही कोरडी घासायची नाही. डोळ्यांना बंद कडांचा चष्मा, नाकातोंडाला एन-९५ मास्क. ओढणी किंवा दुपट्टा बांधून भागत नाही, बारीक धूळ त्यातून आरपार जाते. बसायची जागा उघड्यावर, वाऱ्याला पाठ करून. घासकाम पाण्यातच. कामाचे कपडे घरात झटकू नका आणि लेकरांना ढिगाऱ्यात खेळू देऊ नका. कटर मशीन पहिल्या शिल्पाला हवंच कशाला? ते एका क्षणात धुळीचा लोट उठवतं आणि बोट कापायलाही त्याला तेवढाच वेळ लागतो.

दगडासमोर बसणं

माय मला पाट्याजवळ बसवून सांगायची, "गोट्याले पह्यले हात लाव, मंग टाकी." पाट्याला हे जेवढं खरं तेवढंच शिल्पाला खरं आहे. झिंबाब्वेच्या लोकांची आयुष्यं वाचताना मला सारखं हेच भेटत गेलं.

टेंगेनेंगेची गोष्ट सांगते. झिंबाब्वेतल्या गुरुवे गावाजवळ टॉम ब्लोमफिल्ड नावाचा तंबाखूचा शेतकरी होता. नोव्हेंबर १९६५ मध्ये तिथल्या गोऱ्या सरकारनं ब्रिटनला न जुमानता स्वतःच स्वातंत्र्य जाहीर केलं. जगानं व्यापारबंदी घातली आणि तंबाखू विकेना. आपल्याकडे कापसाचा भाव पडला की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मजुरांना काम द्यायचं कुठून? क्रिस्पेन चाकान्युका या शिल्पकारानं त्याला दाखवलं की त्याच्याच जमिनीत शिल्पाचा दगड आहे. १९६६ मध्ये तिथं शिल्पकारांची वस्ती सुरू झाली, तीच टेंगेनेंगे. काम करणारे फक्त शोना, म्हणजे तिथल्या बहुसंख्य समाजाचे, नव्हते. मलावी, मोझांबिक, अंगोला, झांबियातून मजुरीला आलेले लोक होते. प्रत्येकानं आपापल्या मुलखातली भुतं, जनावरं, गोष्टी दगडात आणल्या. दुसऱ्यासारखं करायला कुणी कुणाला लावलं नाही.

बर्नार्ड मातेमेरा तिथलेच. १९४६ ला गुरुवे भागात जन्म, लहानपणी गुरं राखली, मोठेपणी शेतावर ट्रॅक्टर चालवला. त्यांच्या काळ्या दगडातल्या आकृती धिप्पाड, अंगानं फुगलेल्या, आणि हातापायांना दोन-तीनच बोटं. स्वप्नात येणारं आणि जुन्या गोष्टींतून ऐकलेलं ते घडवत. १९८६ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय त्रैवार्षिक प्रदर्शनात त्यांना पुरस्कार मिळाला. एका ट्रॅक्टरचालकाचं काम आपल्या राजधानीत येऊन पुरस्कार घेऊन गेलं, हे मी पोरांना दरवेळी सांगते.

हेन्री मुन्याराद्झी शाळेत गेलेच नाहीत. लोहारकाम केलं, सुतारकाम केलं, तंबाखूची प्रतवारी केली. १९६७ मध्ये काम शोधत टेंगेनेंगेला आले, तिथं लोक दगड घडवताना पाहिले आणि स्वतः बसले. त्यांच्या शिल्पांत चेहरा म्हणजे दगडाची एक सपाट बाजू, त्यावर दोन गोल डोळे, नाकाची सरळ रेघ, आणि झालं. लोखंड ठोकून आकार देणाऱ्या हाताला जे येतं तेच त्यांनी दगडावर केलं असं मला त्यांची कामं पाहून वाटतं. ज्याच्या हातात जे काम आयुष्यभर होतं ते त्याच्या शिल्पात उतरतं, आणि उतरू द्यावं. तुमचा हात विळ्याचा असेल, वखराचा असेल, भाकरीचा असेल. तो लपवू नका.

आता दगडात आकार असतो आणि शिल्पकार फक्त वरचं काढून टाकतो, असं तिथले कितीतरी जण मानतात. शोना लोकांत पूर्वजांच्या आत्म्यांना, वाद्झिमूंना, फार मान आहे. कुळाला एकेक प्राणी नेमलेला असतो, सिंह, हत्ती, माकड, मासेमार गरुड, आणि आपल्या कुळाचा प्राणी खायचा नाही. आपल्याकडे लग्नात देवक बसवणाऱ्यांना हे लगेच समजेल, गोंड कुटुंबांना तर अधिकच. पण सगळेच शिल्पकार आत्म्यांचीच शिल्पं करतात असं समजू नका. मुन्याराद्झी ख्रिस्ती पंथाचे होते. डॉमिनिक बेन्हुरा, जन्म १९६८, खेळणारी लेकरं आणि आई-बाळ घडवतात. चेहऱ्यावर नाक-डोळे नसतात, तरी अंगाच्या वळणातून आनंद कळतो. कुणाची प्रेरणा देवाची, कुणाची घराची.

मग तुमची कुठली? ती शोधायची रीत मी अशी लावली आहे.

दगड घरासमोर ठेवा, जिथं जाता-येता नजर पडेल. उभा ठेवा, मग आडवा, मग पालथा. सकाळच्या तिरप्या उन्हात पाहा, संध्याकाळी पुन्हा पाहा, कारण फुगवटे आणि खळगे तिरप्या उजेडातच बोलतात. डोळे मिटून दोन्ही हात फिरवा. कुठं पोट आहे, कुठं पाठ, कुठं मान खाली घातलेली आहे? वहीत चित्र काढून ते दगडावर लादू नका. चित्र आधी काढलं की दगडाचा निम्मा भाग फुकट फोडावा लागतो. मोबाईलवर शिल्पांचे फोटो पाहून तसंच करायचं तर मुळीच नको. मातेमेरांसारखी तीन बोटं कोरून तुम्ही मातेमेरा होत नाही, आणि शोनांचे पूर्वज आपल्या अंगणात उसने आणणं बरंही नाही. तसंच कोलाम आदिवासींच्या पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा, भीमायक देव किंवा गोंडांचे देव, ज्यांचे आहेत त्यांना विचारल्याशिवाय घडवू नका.

आमच्याकडे येणाऱ्या एका पोरीचं उदाहरण घेते, कारण पुढचं काम त्यावरच सांगणार आहे. तिचा दगड खाली रुंद, मधे एका बाजूला चांगलाच फुगलेला आणि वर निमुळता होऊन पुढे झुकलेला. तिनं पुष्कळ दिवस काही ठरवलं नाही. एका सकाळी म्हणाली, "ही तर कापूस वेचणारी बाई आहे, ओटी भरलेली." खरंच होती. कमरेला बांधलेली ओटी कापसानं भरली की पोटासारखी पुढे येते, आणि वाकलेल्या पाठीचा बाक दगडाला आधीपासूनच होता. तिची आई आणि आजी दोघी वेचणीला जातात. हे तिला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं.

झिंबाब्वेच्याच कोलीन मादामोम्बे यांची शिल्पं मी त्या पोरीला नंतर दाखवली, मुद्दाम नंतर. १९६४ ते २००९ एवढंच त्यांचं आयुष्य. स्प्रिंगस्टोनमधल्या त्यांच्या बाया भरदार, कुणी गरोदर, कुणी चालायला निघालेली, कुणी पाठीवर लेकरू घेतलेली. चेहरा आणि हात घासून काळे तुळतुळीत, आणि घागरा मात्र दगडाच्या त्या तपकिरी सालीचा, टाकीचे घाव तसेच ठेवलेला. पोरीनं पाहिलं आणि ओटी खरबरीत ठेवायचं स्वतःच ठरवलं. एवढंच घ्यायचं दुसऱ्याकडून, रीत घ्यायची, बाई आपली ठेवायची.

आकार सापडला की गेरू पाण्यात कालवून काडीनं दगडावर खुणा करा. चारही बाजूंनी करा, फक्त समोरून नको. डोकं कुठं संपतं, खांदा कुठं, ओटीचा सर्वांत पुढे आलेला भाग कुठला. बस्स. डोळे-नाक आता नाही.

टाकी चालवणं

अवजारं थोडी लागतात. दीड-दोन पौंडांची हातोडी, टोकाची टाकी, दातेरी टाकी, बोटभर रुंद चपटी छन्नी, एक जाड आणि एक बारीक कानस. दुकानात आणण्याआधी गावच्या लोहाराला विचारा. जुन्या पोलादी सळईच्या तुकड्यातून तो चांगली टाकी करून देतो आणि ती पाजवायलाही तोच जवळ असतो. खताच्या रिकाम्या पोत्यात अर्धी रेती भरून तोंड शिवा. ही दगडाची गादी. दगड यावर बसवला की घावाचा धक्का रेती पिते आणि दगड हवा तसा तिरपाही ठेवता येतो. गादी एवढ्या उंचीवर ठेवा की कोपर कमरेशी राहील. जमिनीवर वाकून काम केलं तर कंबर आधी जाते.

टाकी दगडाला काटकोनात धरून सरळ ठोकू नका. तसा घाव आत जिरतो आणि दगडाला मुका मार लागतो. तेव्हा काही दिसत नाही, पण शेवटी घासून चकाकी आणली की तिथं पांढरा डाग उमटतो आणि तो जात नाही. टाकी निम्मी आडवी धरा, घाव दगडावरून पुढे निसटला पाहिजे. टाकी मुठीत आवळू नका, बोटांत ठेवा. नजर हातोडीवर नको, टाकीच्या टोकावर. कडेला काम करताना नेहमी कडेकडून आत ठोका. आतून बाहेर ठोकलं की कडेचा ढपला उडतो.

टोकाच्या टाकीनं समांतर चऱ्या पाडा, दोन बोटांच्या अंतरानं, आणि मग मधले उंचवटे फोडा. असं सगळीकडून थोडं थोडं. समोरची बाजू पूर्ण करून मग मागे जाऊ नका. दर थोड्या वेळानं दगड फिरवा, चार पावलं मागे जा, बघा. वेचणाऱ्या बाईचं आम्ही असं केलं: आधी डोकं आणि खांद्याच्या मधली जागा मोकळी केली, मग पाठीचा बाक, मग ओटीच्या खालची सावलीची जागा. ओटीच्या फुगवट्याला जवळजवळ हातच लावला नाही, तो दगडानं दिलेलाच होता.

झिंबाब्वेची पुष्कळशी शिल्पं पाहा. हात अंगाला चिकटलेले, मान जाड, पाय एकत्र. दगडाचं बळ दाबाला आहे, ओढीला नाही. हवेत लांब केलेला हात स्वतःच्या वजनानं मोडतो. म्हणून पोरीनं बाईचे दोन्ही हात ओटीवरच ठेवले, एक वर, एक खाली. मान अंगठ्याएवढी बारीक करायचा मोह होतो, तो आवरा. मान शेवटपर्यंत जाड ठेवा, शेवटच्या दिवसांत हवी तेवढी बारीक करता येते.

टोकाच्या टाकीनंतर दातेरी. ती आडवी-उभी फिरवली की अंग एकसारखं होतं आणि आता आकृती खरी दिसायला लागते. इथं घाई होते. थांबा, दोन दिवस झाकून ठेवा, कापसाला फवारणी करा, सोयाबीनला जा, आणि मग परत पाहा. झिंबाब्वेचे निकोलस मुकोम्बेरान्वा पोलिसात होते. बुहेरा भागात जन्मलेले, सेरिमा मिशनमध्ये लाकूडकाम शिकलेले. पोलिसाची नोकरी सांभाळून १९६० च्या दशकापासून दगड कोरत राहिले आणि १९७६ मध्ये नोकरी सोडून पूर्ण वेळ शिल्पकार झाले. पुढे त्यांची मुलंही शिल्पकार झाली. नोकरीमुळे, शेतीमुळे काम अडतं असं आपण म्हणतो. मला तर वाटतं त्या मधल्या दिवसांतच नजर ताजी होते.

डोळे, तोंड, बोटं सगळ्यांत शेवटी, चपट्या छन्नीनं आणि कानशीनं. कमीत कमी ठेवा. मुन्याराद्झींचे दोन गोल आठवा. आमच्या बाईला डोळेच नाहीत. पदर कपाळावर ओढलेला आहे आणि खाली नाकाची सावली आहे, तेवढ्यानं ती उन्हात उभी आहे हे कळतं.

चेहरा झाला की बुडाशी नाव कोरा, घासायला लागण्याआधीच, कारण नाव कोरताना दगड उलटा करावा लागतो आणि घासलेल्या अंगाला गादीवर चरे जातात. आफ्रिकेतलं जुनं कितीतरी कोरीवकाम जगभरच्या संग्रहालयांत घडवणाऱ्याच्या नावाशिवाय पडून आहे. झिंबाब्वेचे हे शिल्पकार मात्र नावानं ओळखले गेले. मुन्याराद्झी दगडावर फक्त 'हेन्री' असं कोरायचे. आपल्या पाथरवटांनी मुलूखभर देवळं उभी केली आणि किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत? तेव्हा नाव, गाव आणि साल, बारीक छन्नीनं, देवनागरीत.

घासणं आणि मेण

कोणता भाग गुळगुळीत करायचा आणि कोणता खरबरीत ठेवायचा हे आधी ठरवा, कारण एकदा घासलेलं परत खरबरीत केलं तर ते बनावट दिसतं. गुळगुळीत भागावर आधी जाड कानस, मग बारीक. त्यानंतर पाण्यातला पॉलिश पेपर: ८० नंबरपासून सुरू, मग १२०, २२०, ४००, ६००, आणि जमलं तर १२००. दर नंबरला आधीच्या नंबरचे सगळे ओरखडे गेले की नाही हे दगड धुऊन, वाळवून, तिरप्या उजेडात पाहा. ओल्या दगडावर ओरखडे लपतात. एक नंबर गाळून पुढे गेलात तर ६०० वर आल्यावर ८० चा ओरखडा वर येतो आणि परत मागे जावं लागतं. घासकाम कंटाळवाणं वाटेल. झिंबाब्वेच्या शिल्पकार ॲग्नेस न्यानहोंगो आणि बेन्हुरा यांची सुरुवात इथूनच झाली. एक वडिलांच्या शिल्पांवर हात चालवत शिकल्या, दुसरे आपले नात्यातले भाऊ, शिल्पकार तापफुमा गुत्सा यांच्या शिल्पांना चकाकी देत. दुसऱ्याचं शिल्प घासताना त्याचा प्रत्येक चढउतार बोटांना पाठ होतो. तुमच्या गावात कुणी घडवत असेल तर त्याचं घासकाम मागून घ्या, त्याहून मोठी शाळा नाही.

झिंबाब्वेत शिल्प आगीजवळ किंवा ज्योतीनं तापवतात, त्यावर मेण फिरवतात, ते वितळून दगडात मुरतं, आणि थंड झाल्यावर कापडानं चोळलं की काळा रंग खोल होऊन चमकतो. न घासलेला भाग करडाच राहतो. चुनखडीला ज्योत लावू नका, ती तडकते. आपल्याकडे एप्रिल-मेचं ऊन आहे, त्याचा उपयोग करा. शिल्प आधी काही दिवस सावलीत पूर्ण वाळू द्या. मग भर दुपारी पत्र्यावर उन्हात ठेवा, हात लावल्यावर चटका बसेपर्यंत. मधाच्या पोळ्याचं मेण साठेक अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून ते वाटीत घेऊन गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून पातळ करा. थेट चुलीवर नको, पेट घेतं. सुती फडक्यानं गरम दगडावर पातळ हात द्या. थंड झाल्यावर लोकरी कापडानं चोळा. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. खरबरीत भागावर मेण जाऊ देऊ नका. आमच्या बाईची ओटी पांढुरकी राहिली आणि पाठ, हात, पदर गडद राखाडी झाले. कापूस आहे हे कुणाला सांगावं लागलं नाही.

चुनखडीच्या शिल्पाला पुढे कधी लिंबू, चिंच किंवा फरशीचं ॲसिड लावू नका. चकाकी जाते. पुसायला साधं पाणी पुरे.

विकायचं असेल तर

पहिलं शिल्प विकू नका, घरात ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्यापासून विका. गिऱ्हाईक म्हणेल, "अशाच दहा करून द्या." तिथं सांभाळा. पर्यटकांसाठी एकसारखा माल काढण्याला मॅकइवन विमानतळावरची कला म्हणायचे आणि त्यांना ती अजिबात चालत नसे. मी त्यांच्याएवढी कठोर नाही, घर चालवायचं असतं. मी उंबरठे आणि वृंदावनं हवी तेवढी एकसारखी करते, शिल्प एकाच जातीचं दुसरं करत नाही. दोन्हीचे हिशेब वेगळे ठेवते. भाव सांगताना दगड आणण्याचं भाडं, टाक्या पाजवण्याचे पैसे, पेपरचे पैसे आणि रोजच्या मजुरीचा दर धरून किती दिवस लागले ते लिहून ठेवा. त्याच्या खाली येऊ नका. शेती सोडू नका. मुन्याराद्झींनीही पैसा आल्यावर जमीन घेतली होती.

वणीला किंवा नागपूरला प्रदर्शनाला नेताना शिल्प त्याच रेतीच्या गादीवर आडवं ठेवा, मानेखाली जुनी चादर गुंडाळून द्या आणि एसटीत टपावर चढवू देऊ नका. पायाशी ठेवून न्या, लगेजचं तिकीट काढा.